विंगेतला प्रॉम्प्टर



गणेशोत्सवात नाटक बसवलेल्या प्रत्येकाने विंगेतला प्रॉम्प्टर पाहिलेला असतो. मांडीवर संहितेची वही, शेजारी छोटासा दिवा, एक डोळा वहीत आणि एक रंगमंचावर. नट अडला की तो पुढच्या वाक्याचा पहिला शब्द हळूच सांगतो. बाकीचं वाक्य नटाने स्वतःच म्हणायचं असतं. ज्याला सगळं वाक्य विंगेतून घ्यावं लागतं तो तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतो, कारण बोलतो समोरच्या पात्राशी आणि मान वळते विंगेकडे.

हे सगळं आठवलं ते मावशीच्या धाकटीमुळे. ती इंदूरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्षभर यूट्यूबवर गेम स्ट्रीम करते, हिंदीत. मागच्या महिन्यात तिने ठरवलं की एक स्ट्रीम मराठीत करायची. गेम निवडला ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला हा गेम 2020 साली आला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला महाबलासुर पळवून नेतो आणि ती त्याला शोधायला निघते. वाटेत भिंतींवर चित्रं लागतात आणि त्यांतून देवीच्या, विष्णूच्या कथा कळतात. आजीने सांगितलेल्या गोष्टी मराठीत सांगायला याहून चांगला गेम कुठला मिळणार?

तिने तयारीही जोरात केली. नऊ पानं लिहून काढली, ती मॉनिटरच्या कडेला एका टॅबवर लावली आणि स्ट्रीम सुरू केली. पहिल्या पाच मिनिटांत राजी तीनदा मेली. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, ‘ताई, वाचून दाखवताय का?’ स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, “अगं, बातम्या देतेयस का?” विसाव्या मिनिटाला हिने स्ट्रीम बंद केली आणि मला फोन लावला. “दादा, टेलिप्रॉम्प्टर घेऊ का? कॅमेऱ्याकडे बघत वाचता येईल.”

मी म्हटलं, घे. पण वाचायला नको घेऊस.

माझं म्हणणं पटण्यासाठी आधी हे यंत्र समजून घ्यायला हवं. टेलिप्रॉम्प्टर 1950 साली अमेरिकेत आला. फ्रेड बार्टन नावाचा नट संवाद पाठ करण्याच्या त्रासातून वाट शोधत होता. ह्युबर्ट श्लाफ्ली या इंजिनिअरने अर्ध्या सुटकेसमध्ये मोटरवर फिरणारी कागदाची गुंडाळी बसवली, आयर्व्हिंग कान याने पुढचा व्यवसाय पाहिला आणि सीबीएसच्या एका मालिकेत तो पहिल्यांदा वापरला गेला. पण ती गुंडाळी कॅमेऱ्याच्या बाजूला असायची, म्हणजे नजर थोडी बाजूलाच. काचेमागे लेन्स ठेवण्याची युक्ती नंतरची. ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचा निर्माता जेस ओपनहायमर याने लेन्सच्या समोरच अक्षरं दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरचं पेटंट घेतलं होतं.

रचना आजही तीच आहे. लेन्सच्या पुढे 45 अंशांत तिरकी काच, तिच्याखाली आडवा स्क्रीन. स्क्रीनवरची अक्षरं काचेवर परावर्तित होऊन आपल्याला दिसतात. कॅमेऱ्याला मात्र काचेपलीकडे फक्त आपण दिसतो. ही खास काच साधारण 70 टक्के प्रकाश आरपार सोडते आणि 30 टक्के परत पाठवते. त्यामुळे कॅमेऱ्याला थोडा अंधार वाटतो आणि चेहऱ्यावरचा दिवा जरा वाढवावा लागतो. काचेत अक्षरं उलटी दिसतात, म्हणून स्क्रीनवर ती आधीच उलटी करून ठेवायची. एल्गाटो कंपनीने 2024 मध्ये स्ट्रीमर लोकांना डोळ्यांसमोर ठेवून असा प्रॉम्प्टर आणला. त्याचा 9 इंची स्क्रीन यूएसबीने जोडला की संगणकाला तो आणखी एक मॉनिटर वाटतो.

आता वाचायला का नको, ते सांगतो. हात लांब करून आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्या डोळ्याला एका वेळी स्वच्छ दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो, दोनेक अंशांचा. बाकीचं सगळं अंधूक असतं आणि नजर भराभर फिरवून आपण ते जोडून घेतो. म्हणजे अक्षरं वाचताना गेम स्वच्छ दिसत नाही आणि गेम बघताना अक्षरं दिसत नाहीत. सहा-सात शब्दांची ओळ वाचायला दोन सेकंद लागतात असं धरा. सेकंदाला 60 फ्रेम्सच्या गेममध्ये त्या 120 फ्रेम्स झाल्या. तेवढ्यात राक्षस आपलं काम उरकतो. बातम्या देणाऱ्याच्या अंगावर कुणी तलवार घेऊन येत नाही, म्हणून त्याचं निभतं.

मग प्रॉम्प्टर घ्यायचा कशाला? बघणाऱ्यांच्या डोळ्यांत बघायला. स्ट्रीमर गेम खेळताना मॉनिटरकडे बघतो, यात कुणाला काही वाटत नाही. खटकतं ते नंतर. चॅटमधल्या प्रश्नाला उत्तर देताना तो दुसऱ्याच मॉनिटरकडे मान वळवून बोलतो आणि बघणाऱ्याला फक्त कान दिसतो. चॅट लेन्सच्या समोर आली की प्रश्न वाचणं आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे बघणं एकाच जागी होतं. आपण तिच्या प्रॉम्प्टरवर तीन चतुर्थांश जागा चॅटला दिली आणि खालच्या पट्टीत मुद्दे ठेवले.

महागडं यंत्र लगेच घेतलं नाही. पुठ्ठ्याचा खोका, फोटोफ्रेमची काच, आडवा ठेवलेला जुना टॅब आणि मागे काळं कापड, एवढ्यात रविवार दुपारी काम झालं. साधी काच दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तन करते, म्हणून अक्षरांमागे फिकट सावली दिसते. काच जितकी पातळ, तितकी ती सावली कमी जाणवते. वेबकॅम काचेच्या अगदी जवळ ठेवायचा, नाहीतर खोक्याच्या कडा चित्रात येतात. कॅमेऱ्याच्या बाजूला उजेड राहिला तर अक्षरं पुसट होतात, म्हणून काळं कापड नीट गुंडाळायचं. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावायला विसरू नका, बोट कापतं. हिला चष्मा आहे आणि पहिल्या चाचणीत चॅटच्या ओळी चष्म्यावरच चमकत होत्या. स्क्रीनचा उजेड कमी केला, पांढऱ्याऐवजी काळ्या पाटीवर अक्षरं घेतली आणि समोरचा दिवा थोडा बाजूला सरकवला, तेव्हा ते गेलं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ओबीएसमध्ये चॅट ब्राउझर सोर्स म्हणून घेता येते आणि ट्रान्सफॉर्ममध्ये ती आडवी उलटवताही येते. पण ते उलटवणं सीनपुरतं असतं. नुसता सोर्स प्रोजेक्टरवर पाठवला तर तो सुलटाच जातो आणि काचेत उलटा दिसतो. म्हणून प्रॉम्प्टरसाठी वेगळा सीन करायचा, त्यात चॅट आणि मुद्दे ठेवून उलटवायचे आणि तो सीनच फुलस्क्रीन प्रोजेक्टरने त्या स्क्रीनवर टाकायचा. आमची एक संध्याकाळ यात गेली, तुमची जाऊ नये. टॅब किंवा फोन वापरणार असाल तर तो डू नॉट डिस्टर्बवर ठेवा. ऐन लढाईत लेन्ससमोर काकांचा फोन वाजला की काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे.

देवनागरीचंही थोडं बघावं लागतं. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते. ‘मुक्ता’सारखा जाड, सुटसुटीत फॉन्ट छोट्या स्क्रीनवर बरा वाटतो. एका ओळीत तीन-चार शब्दच ठेवायचे. ओळ लांब झाली की बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात आणि वाचन उघडं पडतं.

आता मुद्द्यांच्या पट्टीकडे येतो. नऊ पानांची तिने अठरा शब्दांची यादी केली. ‘महिषासुर – आजी – शिंग.’ बस, एवढंच. हा विंगेतला पहिला शब्द. पुढचं तिचं तिने बोलायचं. शिवाय मुद्दे गेमच्या जागांशी बांधले. राजी भिंतीवरच्या चित्रासमोर उभी असते तेव्हा कुणी मारायला येत नाही, तेव्हा गोष्ट सांगायची. लढाईत फक्त लढाईबद्दल बोलायचं, ओरडायचं, हसायचं. नवीन भाग लोड होत असताना चॅटकडे बघायचं. कुठल्याही गेममध्ये अशा निवांत जागा असतात. आधी एकदा खेळून त्या हेरून ठेवायच्या.

चॅटबद्दल आणखी एक. आपण बोललेलं बघणाऱ्यापर्यंत काही सेकंदांनी पोचतं, मग तो टाइप करतो. यूट्यूबवर हा उशीर कमी करायची सोय आहे, पण शून्य होत नाही. म्हणून प्रश्न विचारून लगेच काचेकडे आशेने बघत बसू नका. विचारा, थोडं खेळा, मग बघा. नाहीतर ‘कुणीच बोलत नाही’ असं वाटून उगाच मन खट्टू होतं.

शब्दशः वाचावं असं काहीच नसतं का? असतं. कुणाचे आभार मानताना नाव चुकू नये, गेमच्या निर्मात्यांची माहिती नेमकी हवी, आणि जाहिरात घेतली असेल तर तिचा मजकूर. हे लढाई सुरू व्हायच्या आधी, शांतपणे वाचावं. जाहिरातीबाबत मात्र सावध राहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे पैसे किंवा वस्तू घेऊन काही सुचवत असाल, तर लाइव्ह स्ट्रीममध्ये तसं पूर्ण वेळ ठळकपणे दिसत राहायला हवं. आणि 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सना आणि त्यांच्या जाहिरातींनाही बंदी आहे. समोर मजकूर आला की तोंड आपोआप चालतं, दुसऱ्याचे शब्द आपले होऊन जातात. आईवडिलांनी मुलांच्या स्ट्रीमवर हे जरूर बघावं.

एवढं झाल्यावरही ती नऊ पानं सोडायला तयार नव्हती. मी विचारलं, “तुला बोलता येतं, मग लिहून का लागतं?” बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दादा, बघणाऱ्यांत पुण्याचे पण असतील ना. मी ‘येऊन राहिलीये’ म्हणते, मध्येच हिंदी घुसतं. हसतील. लिहिलं की शुद्ध येतं.”

म्हणजे खरा अडथळा राक्षसही नव्हता आणि कॅमेराही नव्हता. इतके दिवस मी काच, कोन आणि उजेडाचं बोलत होतो. ती मात्र आपल्या घरातली मराठी चारचौघांत काढायला लाजत होती. लाज कशाची? पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आपण मराठी टिकवली. शेजारच्या हिंदीचा रंग तिला लागला, तो लागणारच. ती नऊ पानं मी वाचली. त्यांत ‘तद्नंतर’ होतं, ‘सदर ठिकाणी’ होतं. असं आपल्या घरात कोण बोलतं? ती भाषा चूक नव्हती, पण तिची नव्हती. म्हणून तिच्या तोंडी ती अडखळत होती आणि मावशीला बातम्या ऐकू येत होत्या. मी तिला एवढंच म्हटलं की आजीला जशी गोष्ट सांगशील तशी सांग, आणि आजीलाच स्ट्रीमला बसव.

दुसरी स्ट्रीम गेल्या शनिवारी झाली. आजी मावशीच्या फोनवरून बघत होती. राजी देवीच्या चित्रासमोर थांबली, आमच्या बाईसाहेबांनी लेन्समध्ये बघितलं आणि महिषासुराची गोष्ट सुरू केली. “मग तो रेडा होऊन येऊन राहिला होता…” असं बोलून गेली, क्षणभर थांबली. तेवढ्यात काचेवर चॅट सरकली. मावशीने आजीचं म्हणणं टाइप केलं होतं: ‘आधी सिंह झाला होता ते विसरलीस.’ ती खळखळून हसली, थेट कॅमेऱ्यात बघून. “हो आजी, सांगते, सांगते!” त्यानंतर सव्वा तासात खालच्या पट्टीकडे तिची नजर मोजून चार-पाच वेळा गेली असेल. ‘येऊन राहिला’वर कुणी हसलं नाही. नागपूरच्या एकाने लिहिलं, ‘ताई, आमच्याकडे पण असंच बोलतात.’

राजी दोनदा मेलीच, त्याला प्रॉम्प्टर काय करणार!

तुमच्या घरात कुणी स्ट्रीम करत असेल, तर पुढची एक मराठीत करायला सांगा. पुठ्ठ्याच्या खोक्याची मापं हवी असतील तर मला कळवा, पाठवतो. पुढच्या महिन्यात भेटूच.