घरोघरी, पण घरात कुठे?



गेले काही महिने एकच प्रश्न कानावर येतो आहे. कधी मूर्तिजापूरहून फोन, कधी अंजनगावच्या बैठकीत चहाच्या वेळी. "ताई, ऑनलाइन बी.ए. करू का? घरबसल्या होते म्हणतात." विचारणारी बहुधा अंगणवाडी सेविका असते, नाही तर आशा, नाही तर दुकानात हिशोब लिहिणारी. शिक्षण मध्येच सुटून लग्न झालेलं. आता मुलं मोठी झाली आहेत, आणि मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करायचा तर पदवी पाहिजे.

मी लगेच 'कर' म्हणत नाही. 'घरबसल्या' या शब्दापाशी अडते.

नोकरी सांभाळून शिकण्याची सोय आपल्याकडे नवी नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. मराठीतून पुस्तकं, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, रविवारी संपर्कसत्रं, अमरावतीला विभागीय केंद्र. बारावी न झालेल्या बाईलाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने काढून दिली. आपल्या संघटनांमधल्या कितीतरी जणी याच वाटेने पदवीधर झाल्या, हे विसरून चालणार नाही. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदवाक्य. (आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी घरी येणार म्हटलं की पहिला प्रश्न हाच, की भरायचं कुणी?)

आमची एक मैत्रीण अकोल्याच्या एका केंद्रावर जायची. सकाळी भाकरी थापून, डबा झाकून पॅसेंजर गाठायची. तिथे नेहमीच काही उत्तम शिकवत असं नाही. कधी कधी शिक्षकच यायचे नाहीत. तरी ती जात राहिली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "मले सारं समजेच असं नाही बाप्पा, पण रविवार माहा होता." कॉलेजच्या व्हरांड्यात पाचसहा जणी बसत, एकमेकींना धडे समजावत, डबे उघडत. त्यांच्यातल्या एकीला नवरा मारत होता, हे आम्हाला त्या व्हरांड्यातूनच कळलं. पुढची पोलीस चौकी, वकील, सगळं तिथून सुरू झालं. कोणत्याही पुस्तकात हा धडा नव्हता.

आणि त्या रविवाराला छापील वेळापत्रक होतं. सासूपुढे ठेवता येत होतं.

२०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पूर्णपणे ऑनलाइन पदवीसाठी नियम केले, २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन या दोन्हींचे मिळून नवे नियम आले. आता व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचण्या, सगळं फोनवर मिळतं. जाहिरातीत लॅपटॉपसमोर बसलेला हसरा तरुण असतो, त्याच्यामागे बंद दार. आमच्या सेविकेच्या घरात बंद करायला दारच नाही. फोन एकच, आणि टाळेबंदीत आपण सगळ्यांनी पाहिलं की एकच फोन असला की तो आधी मुलाकडे जातो. सरकारने सेविकांना दिलेल्या फोनची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. निकृष्ट म्हणून २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते परत केले होते.

बाई घरी दिसली की ती रिकामी आहे असंच घर धरून चालतं. पुस्तक उघडलं की कुणाला तरी पाणी हवं असतं. रात्री अकरानंतर व्हिडिओ लावायचा, तर डोळे मिटतात. मे महिन्यात अकोल्याच्या टिनाखाली दुपारी बसून बघा. मग नापास झाली की घर म्हणतं, "तुला सगळं घरी आणून दिलं तरी जमलं नाही."

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. तरी हातात पडतं त्याला मानधनच म्हणतात. कामाला काम न म्हणणारी व्यवस्था तिच्या अभ्यासाला अभ्यास म्हणेल, ही आशा मी ठेवत नाही.

मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. रात्रपाळीची नर्स, अपंग मैत्रीण, तान्हं बाळ असलेली, उंबरठा ओलांडूच न दिलेली, यांच्यासाठी ती एकच खिडकी असेल, तर नको म्हणणारी मी कोण? पण ऑनलाइन आलं म्हणून संपर्कसत्रं आणि केंद्रं आटता कामा नयेत. उलट ती तालुक्याहून खाली यायला हवीत. वाचनालयात, शाळेच्या सुटीच्या दिवशी रिकाम्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शेतकऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं, कारण शिकायचं तर आधी जागा लागते हे त्यांना ठाऊक होतं. पोरांच्या आयांना ती अजून मिळायची आहे. विद्यापीठांकडे ही मागणी लेखी करू या. मसुदा पुढच्या अंकाआधी तुमच्याकडे पाठवते. तुमच्या भागातलं केंद्र चालू आहे का, सत्रं होतात का, बायकांसाठी संडास आहे का, एवढं कळवा.

तोवर आम्ही कार्यालयाची मागची खोली रविवारी अकरा ते चार उघडी ठेवतो आहोत. दोन चटया, पंखा, वायफाय, चहा. पहिल्या रविवारी तिघी आल्या. दोघींनी व्हिडिओ पाहिले, वाद घातला, वहीत उतरवलं. तिसरी पुस्तक उशाला घेऊन चार वाजेपर्यंत झोपली. आम्ही तिला उठवलं नाही. जाताना तिने पुढच्या रविवारची वेळ विचारून घेतली.