डॉक्टर होणार, पण गोळी देणार नाही!



परवा प्रवचनाहून परतताना गल्लीतल्या एका काकींनी मला थांबवलं. "तुमच्या जाऊबाईंची सून पीएच.डी. करणार म्हणे? समाजशास्त्रात? म्हणजे डॉक्टर होणार आणि साधी तापाची गोळीसुद्धा देणार नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन चपला काढताना मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

पोर हुशार आहे. एम.ए. चांगल्या गुणांनी झाली, विद्यापीठाची 'पेट' पास झाली. विषय तिने आपलाच घेतलाय: आपल्या बायकांची व्रतं आणि घरातले निर्णय. घरात मात्र कुजबुज सुरू आहे. मुलगी दोन वर्षांची, फुलंब्रीहून संभाजीनगर तीसेक किलोमीटर, आणि एवढं करून नोकरी कुठे आहे?

नोकरीचा प्रश्न खरा आहे, मी खोटी आशा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी आणि रांग मोठी. अल्पसंख्याक मुलामुलींना संशोधनासाठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप आपल्यालाही लागू होती. केंद्र सरकारने ती २०२२ च्या डिसेंबरात बंद केली. पैशांचा आधारही कमी झाला. पण आपण बायका जे जे करतो, ते सगळं पगारासाठी करतो का?

या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असं वाटणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूरचे डॉ. विलास सांगवे आपलेच. त्यांनी जैन समाजाचाच अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली आणि १९५९ साली त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. आपल्या जाती-पोटजाती, लग्नाच्या रीती, स्त्रियांचं स्थान, सगळं त्यात आलं. आजही जैन समाजावर लिहिणारा कोणीही त्या पुस्तकाला वळसा घालून जात नाही. घरचा माणूस लिहितो तेव्हा काय होतं, ते त्यातून कळतं.

आणि बायकांचं काय? पुण्यातल्या जैन बायकांच्या मंडळात स्तवनं कशी म्हणतात, यावर २००१ साली एक पुस्तक आलं. लिहिणारी व्हिटनी केल्टिंग नावाची अमेरिकन बाई. ती पुण्यात राहिली, आपल्या बायकांबरोबर बसली, ऐकलं, लिहिलं. तिचं मनापासून कौतुक. पण जी स्तवनं आपण रोज म्हणतो, त्यांवर लिहायला सातासमुद्रापलीकडून कोणी यावं लागलं, हे मला टोचतं. उपवासाचा निर्णय सून स्वतः घेते की सासूकडे बघून घेते, पारण्याच्या दिवशी कोणाचं माहेर किती आणतं, दीक्षा घेणाऱ्या मुलीच्या आईला रात्री काय वाटतं, हे आतून कोण लिहिणार?

मागे एकदा इरावती कर्व्यांविषयी वाचत होते. डॉ. घुर्ये यांच्याकडे मुंबईला समाजशास्त्र शिकल्या आणि पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, तीही १९३० च्या सुमाराला. सासरे कोण, तर महर्षी कर्वे! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस. तरीही सुनेने जर्मनीला जावं हे त्यांना पटलं नव्हतं. पती दिनकरराव पाठीशी राहिले म्हणून त्या गेल्या. महर्षींच्या घरी ही गत, तर आपल्या जाऊबाई बिचाऱ्या काय! मला त्यांचा राग येत नाही.

पण एक विचारते. सुनेने वर्षीतप धरलं तर आपण काय करतो? तेरा महिने घर तिच्याभोवती फिरतं. बियासण्याचं ताट सासू वाढते, जड काम जाऊ उचलते, लेकराला नणंद घेते. कोणी विचारत नाही की याचा पगार किती. म्हणजे बाईला मोकळं करायचं कसं, हे आपल्या घरांना उत्तम येतं. आणि चौविहाराची घरं आपली! सूर्य मावळला की चूल बंद. शेजारच्या वहिनी साडेदहाला ओटा पुसतात, तेव्हा आपल्या हातात तीन तास मोकळे असतात. ते सध्या कुठे जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. (माझे दोन मालिकांत जातात.)

नियमही वाटतात तितके कडक नाहीत. २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांची मुदत आहे. पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं वाढवता येतात, बायकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपणासाठी किंवा मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. अर्धवेळही करता येते. म्हणजे रोज एसटीला लोंबकळायचं नाहीये. पहिला अभ्यासक्रम उरकला की बरंचसं काम तर इथेच, आपल्या स्थानकात आणि आपल्या ओट्यावर आहे.

दर ज्ञानपंचमीला आपण पोथ्या मांडून वासक्षेप वाहतो. कोणाच्या शिकण्यात अंतराय आणला तर ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. ते फक्त पाठशाळेतल्या पोरांसाठी आहे असं मला कोणी सांगितलेलं नाही.

आता माझं. मीही समाजशास्त्रात एम.ए. केलंय. लग्नानंतर पुढच्या शिक्षणाचा फॉर्म आणला होता. तो पापडाच्या डब्याखाली ठेवला. मग दिवाळी आली, मग नणंदेचं लग्न, आणि तारीख गेली. कोणी नाही म्हटलं नव्हतं. कोणी हो म्हटलं नव्हतं, एवढंच. इतक्या वर्षांत मी हे कोणाला बोलले नव्हते.

रविवारी जाऊबाईंकडे सगळे बसणार आहेत ठरवायला. मी ठरवून टाकलंय: मंगळवारी आणि शुक्रवारी छोटी माझ्याकडे राहील, सकाळी नऊपासून तिची आई परत येईपर्यंत. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही. आज प्रतिक्रमणानंतर सांगणार आहे, त्या काकींच्या समोरच.