‘होय’चं बहुमत झालं, पण ‘होय’ म्हणालं कोण?

मिरजगाव : सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनलला गेलं, हे आपल्याकडं चहाच्या टपरीवर दहा वर्षांनीही तोंडपाठ असतं. ग्रामसभेत हात कुणी वर केला आणि कोण ऐनवेळी तंबाखू मळायला बाहेर गेला, हेही सांगणारे सापडतात. पण तूर, उडीद, कांद्याचा बाजार ज्या कायद्यांनी बदलणार होता, त्यांना राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ खासदारांपैकी कोण ‘हो’ म्हणालं आणि कोण ‘नाही’? शोधून बघा. कागदावर एकही नाव नाही.

२० सप्टेंबर २०२० चा तो दिवस. बाजार समितीबाहेर माल विकण्याचं आणि कराराच्या शेतीचं, अशी दोन विधेयकं राज्यसभेत आली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, म्हणजे बटण दाबून नावानिशी मत नोंदवायचं. पीठासनावर उपसभापती हरिवंश होते. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असं कारण देत त्यांनी आवाजी मतदान घेतलं. आवाजी मतदान म्हणजे काय, तर ज्याचा आवाज मोठा वाटला त्याचं बहुमत. गोंधळात कोण ओरडलं, का ओरडलं, कुणी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी ८ खासदार निलंबित झाले. कायदा झाला.

आता आपल्याकडच्या मोठ्या साहेबांकडं वळू. शरद पवार २००४ ते २०१४ अशी १० वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. बाजार समित्यांचा कायदा सुधारा, म्हणून त्यांनी स्वतः राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली होती. म्हणजे या विषयावर त्यांच्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस त्या सभागृहात शोधावा लागला असता. पण त्या दिवशी साहेबच सभागृहात नव्हते. मराठा आरक्षणाच्या कामासाठी मुंबईत होतो, असं त्यांनी सांगितलं. विषय महत्त्वाचाच होता, त्याबद्दल वाद नाही. दोन दिवसांनी त्यांनी निलंबित खासदारांच्या पाठिंब्यासाठी एक दिवस अन्नत्याग केला. अडचण एवढीच, की संसदेच्या नोंदवहीत ‘होय’, ‘नाही’ आणि ‘तटस्थ’ असे तीनच रकाने आहेत. उपवासाचा रकाना अजून कुणी काढलेला नाही.

ही एकच वेळ असती तर आम्ही लिहिलं नसतं. ३० जुलै २०१९ ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. राष्ट्रवादीचा विरोध होता. मतदानाला शरद पवार नव्हते आणि प्रफुल पटेलही नव्हते. दोघे आले असते तरी १५ मतांचा फरक भरून निघाला नसता, हे मान्य. पण आमच्याकडं पडणार हे माहीत असलेल्या पॅनलचा माणूससुद्धा मतदानाला येतो, तोही भर उन्हात रांगेत उभा राहतो.

भाजपवाल्यांनी एवढ्यात हसू नये. २०२० मध्ये ज्या बाकांवरून ‘होय’ आला, त्याच बाकांवरून २९ नोव्हेंबर २०२१ ला पुन्हा ‘होय’ आला, आणि या वेळी तो तेच कायदे रद्द करायला होता. दोन्ही सभागृहांत, एकाच दिवशी, चर्चा न करता, आवाजी मतदानाने. मधल्या वर्षभरात दिल्लीच्या सीमेवर शेतकरी थंडीवाऱ्यात बसून होते. कायदा चांगला होता तर काढला का, वाईट होता तर आणला का, हे विचारायला महाराष्ट्रातल्या एकाही सत्ताधारी खासदाराने तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं ते फक्त ‘होय’ म्हणायला.

शिवसेनेची गोष्ट तर दोन दिवसांची. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत सेनेनं मत दिलं. ११ तारखेला तेच विधेयक राज्यसभेत आलं, तेव्हा संजय राऊत आणि त्यांचे सहकारी मतदानाआधी बाहेर पडले. मधल्या काळात विधेयकाची काना-मात्रा बदलली नव्हती. मुंबईत काँग्रेससोबत सरकार येऊन मात्र दोन आठवडे झाले होते.

यात खासदारांचीच सगळी चूक आहे, असंही नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे मत खासदाराचं, बोट पक्षाचं. म्हणून सोयीचं काय, तर बाहेर जाणं, किंवा आवाजी मतदानात आवाज मिसळून टाकणं.

आता गंमत बघा. हेच राज्यसभा खासदार निवडून देताना आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. जून २०२२ मध्ये नांदगावचे आमदार सुहास कांदे यांची मतपत्रिका दुसऱ्या पक्षाच्या माणसांना दिसली, म्हणून निवडणूक आयोगानं त्यांचं मत बाद केलं. म्हणजे आमदाराचं मत चुकीच्या माणसाला दिसलं तर बाद, आणि खासदाराचं मत कुणालाच दिसलं नाही तर कायदा पास!

नाव नोंदवून मत देणारा माणूस महाराष्ट्रानं पाहिलेला नाही असं नाही. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. ज्यांनी १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं एवढं मोठं अधिवेशन भरवलं, त्यांनीच विरोधात मत दिलं. दर निवडणुकीला मतदारसंघ फिरता ठेवण्याच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. ते आमच्या मते चुकले असतील. पण ते कुठं उभे होते, हे आज सोळा वर्षांनीही सांगता येतं.

आणि कांद्याचं तर मतदानच झालं नाही. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरला थेट निर्यातबंदी, मे २०२४ ला बंदी उठली, राहिलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. हे सगळं दिल्लीतून निघालेल्या कागदावर झालं. तिथं आवाजीसुद्धा आवाज नव्हता.

संसद डॉट इन या संकेतस्थळावर सभागृहाची कार्यवाही मोबाईलवर वाचता येते. जिथं मतविभागणी झाली, तिथं नावं सापडतील. राज्याच्या विधान परिषदेत तर सभापतीच्या खुर्चीवर डिसेंबर २०२४ पासून आपल्या चौंडीचे राम शिंदे आहेत, आणि विधानसभेत आपले आमदार रोहित पवार. तिथंही ‘होयचे बहुमत’ म्हणूनच विधेयकं पुढं सरकतात. नावं हवी असतील तर सदस्यानं उठून ‘पोल’ मागावा लागतो. पुढच्या वेळी दादा मिरजगावला आले, की मागच्या अधिवेशनात किती वेळा पोल मागितला, एवढं विचारून बघा.