पुस्तक आमचे की परवाना आमचा?

मराठी मुलखापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आम्हां सरकारी नोकरांत हल्ली दोन पक्ष पडलेले दिसतात. एक छापील पुस्तकाचा आणि दुसरा ई-रीडरचा. पहिला पक्ष कोऱ्या कागदाच्या वासाचे गोडवे गातो. दुसरा, शेकडो ग्रंथ एका हातात मावतात म्हणून हरखून जातो. पुष्कळदा तर हे दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या मनात नांदत असतात! आमचे प्रांजळ मत असे की, दोघेही भांडतात ते भलत्याच मुद्द्यावर.

वासाचा मुद्दा आधी निकालात काढू. ज्याला अप्पा बळवंत चौक पायी गाठता येतो त्याने वास खुशाल घ्यावा. कुंभकोणमला आम्हांस मराठी पुस्तकांचे दुकान आढळलेले नाही. त्यात दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येणार, आणि भत्त्यात सामानाचे वजन ठरलेले! किंडलवर डिसेंबर २०१६ मध्ये मराठी पुस्तके आली, त्याने आमच्यासारख्यांची मोठीच सोय झाली. रात्री बारा वाजता मागविलेली कादंबरी सव्वाबारा वाजता वाचावयास घेता येते आणि वृद्ध आईवडिलांसाठी अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ही सोय नाकारणे म्हणजे रसिकता नव्हे, निव्वळ हट्ट होय.

नवे साधन स्वीकारणे म्हणजे जुन्याशी बेइमानी, असेही कोणी समजू नये. येथून सुमारे ४० किलोमीटरांवर तंजावर आहे. तेथील सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह वाढवून सरस्वती महाल नावारूपास आणला. ताडपत्रे आणि हस्तलिखिते जिवापाड जपणाऱ्या याच राजाने देवनागरी छापखानाही काढला. १८०६ मध्ये इसापनीतीच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक तेथे छापले गेले. पोथ्यांच्या त्या रक्षणकर्त्याला यंत्राचे भय वाटले नाही.

परंतु याच कथेचा उत्तरार्ध ई-रीडरच्या भक्तांनी लक्ष देऊन ऐकावा. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि इंग्रजांनी तंजावरचे राज्य बुडविले. राज्य गेले, ग्रंथ मात्र राहिले. १९१८ मध्ये ते ग्रंथालय सर्वांस खुले झाले, आणि आजही तेथील मराठी हस्तलिखिते अभ्यासकास पाहता येतात.

आता आमच्या काळाकडे पाहा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्यापाशी हक्क नव्हते, असे कारण देण्यात आले. पैसे परत मिळाले. परंतु एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली ती झालीच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हा तेथे घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलवर नेण्याची सवलतही बंद केली. तंजावरास राज्य बुडाले तरी ग्रंथ तरले; येथे नुसते दुकान मिटताच ग्रंथ बुडतात!

याचे कारण उघड आहे. अशा दुकानांच्या अटींप्रमाणे आम्ही पुस्तक विकत घेत नसतो, वाचण्याचा परवाना घेत असतो. भोगवटा आणि मालकी यांतला फरक सरकारी क्वार्टरात राहणारास शिकवावा लागू नये. तेथे आम्ही जे भरतो त्यास भाडेसुद्धा म्हणत नाहीत, परवाना-शुल्क म्हणतात. क्वार्टर कितीही सजविले तरी ते मुलाच्या नावे करता येत नाही आणि मुदत संपताच किल्ली परत द्यावी लागते. घराच्या बाबतीत हे पुरते जाणणारे आम्ही पुस्तकांच्या बाबतीत मात्र परवान्यालाच मालमत्ता समजून बसतो!

कोणी म्हणेल, कागदाला वाळवी लागते, आणि बदलीच्या वेळी कितीतरी पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. अगदी खरे. परंतु वाळवीशी झुंजण्याचा आणि पुस्तक रद्दीऐवजी शेजाऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार तरी आमच्यापाशी असतो. परमुलखातील मराठी वाचन आजवर तगले ते याच अधिकारावर. मुंबईहून कोणी आणलेले पुस्तक दहा घरे फिरले, बदली झालेल्याने ते मागे ठेवले, नव्याने आलेल्याने ते उघडले. कुलूपबंद ई-पुस्तक ज्याच्या खात्यावर असेल त्याच्यापाशीच थांबते. असे वाचन एकेका घरी पुष्कळ होईल. त्यातून गावात मराठी मंडळाचे कपाट मात्र कधीच उभे राहणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: ई-रीडर जरूर घ्यावा, रोजचे वाचन त्यावर खुशाल करावे. परंतु जे पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावेसे वाटेल, ते कागदावर घ्यावे आणि बदलीच्या वेळी मागे ठेवून जावे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटून हक्कमुक्त झालेल्या जुन्या ग्रंथांच्या प्रती आपल्याजवळ उतरवून ठेवाव्यात. तेथे कोणाचा परवाना लागत नाही. आणि मराठी प्रकाशकांस निक्षून विचारावे की, पूर्ण किंमत घेता, तर कुलूप न लावलेली प्रत का देत नाही?

वाचनाचे साधन युगायुगाने बदलेल. ताडपत्र गेले, कागद आला, उद्या आणखी काही येईल. त्याविषयी आम्हांस खंत नाही. किल्ली कोणापाशी राहणार, एवढेच आम्ही विचारतो; आणि या प्रश्नाचे उत्तर न घेता जो पैसे मोजतो, त्याने आपण ग्रंथसंग्रह केला असे कृपा करून म्हणू नये.