चौपाटीवरील विमान आणि दडपलेली विद्या

गिरगावात ज्यांचे बालपण गेले त्यांस शिवकर बापूजी तळपदे हे नाव नव्याने सांगावयास नको. चिराबाजारात राहणाऱ्या ह्या गृहस्थांनी 1895 साली चौपाटीच्या वाळूवरून ‘मरुत्सखा’ नावाचे विमान आकाशात चढविले. ते 1500 फूट उंच गेले. न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज त्या प्रसंगी हजर होते. पाऱ्याच्या योगाने विमानाचे वजनच नाहीसे होई. आणि पुढे इंग्रज सरकारने ही विद्या दडपून टाकली, अशी ती कथा आहे. शिक्षकाच्या पेशातील तीस वर्षांत ही कथा मी किती वर्गांस सांगितली असेल ह्याची गणती नाही. संस्कृताच्या तासाला मुले पेंगू लागली, की मी खडू खाली ठेवून मरुत्सखा उडवीत असे, आणि मुले ताठ बसत.

यंदा गणेशोत्सवात आमच्या चाळीत निबंधस्पर्धा होती. इयत्ता नववीतील माझ्या नातवाने ‘दडपलेली विमानविद्या’ हाच विषय घेतला आणि वही घेऊन तो मजकडे आला. “आजोबा, विमान उडाले ती तारीख कोणती? आणि 1500 फूट मोजले कोणी?” उत्तर देण्यास मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. ती तारीख मी कोणत्याही वर्गास सांगितली नव्हती, कारण मला स्वतःलाच ती कोणी सांगितलेली नव्हती. धाकटे बंधू जवळच बसले होते. ते म्हणाले, “दादा, पूर्वजांच्या विद्येविषयी पोराच्या मनात संशय कशाला भरवता?” दोन दिवस घरात ह्याच गोष्टीचा खल चालला. त्यातून जे निष्पन्न झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम वजन नाहीसे होण्याविषयी. आधार सुटला म्हणजे वस्तू गुरुत्वामुळे पडते, हे आपल्या वैशेषिक दर्शनात कणादांनी सांगून ठेविले आहे. त्या गुरुत्वावर उतारा असल्याचे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. आजची विमाने उडतात ती वजन टाकून नव्हे. पंख हवेस खाली रेटतात व हवा त्यांस वर उचलते, इतकेच. पारा तर पाण्याच्या साडेतेरा पट जड; त्यास उकळावयास 357 अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तो कितीही तापविला तरी पृथ्वी आपली ओढ सोडीत नाही. आपल्या नेहमीच्या द्रव्याच्या उलट गुणांचे ‘प्रतिद्रव्य’ म्हणून जे असते, ते तरी खाली न पडता वर जाईल काय, अशी शंका होती. युरोपातील सर्न ह्या प्रयोगशाळेने तीही तपासून पाहिली. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की प्रतिहायड्रोजनही खालीच पडतो.

आता ग्रंथाचा आधार. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा, असे सांगतात. परंतु तो लिहिला गेला तो पंडित सुब्बराय शास्त्री ह्यांनी 1918 ते 1923 ह्या काळात तोंडाने सांगितला तेव्हा. तळपदे 1916 सालीच निवर्तले होते. म्हणजे आज आपण ज्याचा हवाला देतो ते लिखाण त्यांच्या मृत्यूनंतरचे आहे. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ह्या ग्रंथाची कसून परीक्षा केली. ग्रंथाचे संस्कृत अर्वाचीन असून तो 1904 च्या पूर्वीचा असू शकत नाही, आणि त्यात वर्णिलेले एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांनी निर्णय दिला. माझ्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकाने निदान भाषेची परीक्षा तरी स्वतः करावयास हवी होती. मी ती केली नाही. पुढे 2015 च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठातील विज्ञान परिषदेत ह्याच ग्रंथाच्या आधारे निबंध वाचला गेला, तेव्हा तर मी वर्तमानपत्रातील ते कात्रण अभिमानाने जपून ठेविले होते.

राहिला विद्या दडपल्याचा आरोप. इंग्रजांनी आपले नुकसान थोडे केले नाही. त्यात काल्पनिक नुकसानीची भर घालण्याची गरज नाही. वजन नाहीसे करणारे यंत्र हाती आले असते, तर साम्राज्याने ते पुरून ठेविले असते की आपल्या सैन्यात वापरिले असते? प्रत्यक्षात अमेरिकेत राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी पहिले उड्डाण केले, ते अवघे 12 सेकंदांचे व 120 फुटांचे. आणि खुद्द इंग्लंडच्या भूमीवर यंत्राचे पहिले विमान उडावयास 1908 साल उजाडले. ज्यांच्या पेटीत चौपाटीचे गुपित होते म्हणतात, ते तेरा वर्षे स्वस्थ का बसले, ह्याचे उत्तर ह्या कथेत सापडत नाही.

प्रस्थापित मताविरुद्ध बोलणाऱ्याचा आवाज दाबला जातो, असे बंधूंचे म्हणणे. त्यास मी डॉक्टर जयंत नारळीकरांचे उदाहरण दिले. कोल्हापुरात जन्मलेल्या ह्या विद्वानाने फ्रेड हॉयल ह्यांच्यासह 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्त मांडला. विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे बहुमान्य मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. त्यांस कोणी दडपले? ते पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभारू शकले, 2004 साली त्यांस पद्मविभूषण मिळाले, आणि 2025 साली ते गेले तेव्हा त्यांच्याशी मतभेद असणारेही हळहळले. ते आपले गणित उघड छापीत व तपासा म्हणत. ज्यास तपासणी नको असते त्यासच दडपणुकीची कथा लागते.

ह्यात तळपद्यांचा अवमान होतो काय? मला उलट वाटते. 1875 साली गिरगावात स्थापन झालेल्या आर्यसमाजाचे ते सभासद. दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त नौका व विमाने ह्यांवर जे प्रकरण आहे, तेथून त्यांस प्रेरणा मिळाली असे सांगतात. विमान करून पाहावे असे ज्यास त्या काळी वाटले तो मनुष्य खासच धाडसी होता. त्याच्या धाडसाला 1500 फुटांचे खोटे शिखर लावून आपण खऱ्या मनुष्यास झाकून टाकतो.

बंधूंचे समाधान पुरते झाले नाही, ते म्हणाले, “मग आपल्याजवळ उरले काय?” मी म्हटले, मराठवाड्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वलहरी टिपणारी चार-चार किलोमीटर भुजांची वेधशाळा उभारावयास 2023 साली मंजुरी मिळाली आहे. आपल्या घरचा मुलगा तेथे काम करू शकेल. मात्र ‘कोणी मोजले?’ हा प्रश्न विचारावयास त्यास कोणी मना करता कामा नये.

नातवाने निबंधाचे शीर्षक खोडून ‘तळपदे ह्यांविषयी आपणांस काय ठाऊक आहे’ असे ठेविले. त्यास बक्षीस मिळाले नाही. माझे जे जुने विद्यार्थी हे मासिक वाचीत असतील त्यांस मी इतकेच सांगतो, की चौपाटीवरील त्या विमानाची उंची मी तुम्हांस सांगितली, ती पुराव्यावाचून सांगितली. चूक माझी. आपापल्या घरी मुलांस ती कथा सांगितली असेल, तर ही दुरुस्तीही त्यांस सांगावी.