विश्लेषण : टेस्टरला टेस्टिंग शिकवणार कोण?

पैसे पाठवताना नेमके नेटवर्क गेले आणि ग्राहकाने पुन्हा बटण दाबले, तर रक्कम एकदा जाईल की दोनदा? ॲप लोकांच्या हाती पडण्याआधी हा प्रश्न विचारणे, हे सॉफ्टवेअर टेस्टरचे काम. पण असा प्रश्न सुचावा कसा, हे त्याला शिकवायचे कोणी?

प्रमाणपत्र पुरेसे नाही का?

‘आयएसटीक्यूबी’च्या फाउंडेशन परीक्षेत ६० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न असतात, २६ गुण मिळाले की उत्तीर्ण. या परीक्षेने व्यवसायाला समान परिभाषा दिली. मात्र चूक कुठे दडली असेल, याचा अंदाज अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसूनच येऊ लागतो. त्याने जन्मतारखेच्या रकान्यात २९ फेब्रुवारी का टाकली, आडनाव कोरे का ठेवले, हे विचारत नवखा घडतो.

एकमेकांकडून शिकणे कसे होते?

२००९ मध्ये भारतातील काही टेस्टरनी ‘वीकेंड टेस्टिंग’ सुरू केले. सुटीच्या दिवशी ऑनलाइन जमायचे, तासभर एखादे सॉफ्टवेअर तपासायचे आणि मग कोणाला काय, कसे सापडले यावर बोलायचे. हा उपक्रम पुढे युरोप-अमेरिकेतही पोहोचला. त्याचे बळ चर्चेत होते : दुसऱ्याला दिसलेली चूक आपल्या नजरेतून का सुटली, हे तिथे कळते.

अडते कुठे?

कंपन्यांत तासांचा हिशेब ग्राहकाच्या बिलाशी बांधलेला असतो. ज्येष्ठाने शिकवण्यात घालवलेला तास त्या बिलात बसत नाही. मग शिकणे शनिवार-रविवारवर ढकलले जाते. घरची जबाबदारी अंगावर असलेल्यांना, त्यातही महिलांना, ते परवडत नाही. त्यात ठरावीक पायऱ्यांच्या चाचण्या आता यंत्राकडे जात आहेत. नवखे ज्या कामावर हात बसवत, तेच कमी होत आहे.

मग उपाय काय?

हिंजवडी असो वा ऐरोली, कंपन्यांनी आठवड्याचे निदान दोन तास जोडीने टेस्टिंगसाठी राखावेत. ते कामाच्या वेळेतच असावेत आणि शिकवणाऱ्याच्या बढतीत धरले जावेत. ‘डेडलाइनमुळे वेळ नाही’ ही सबब जुनी आहे. तो वेळ वाचवल्याची किंमत शेवटी दोनदा पैसे कापले गेलेला ग्राहक मोजतो.