वाचता येते, पण अर्थ कोण शिकविणार?

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी चौथी-पाचवीची मुले जी मार्गदर्शक पुस्तके घोकतात, त्यांत ‘आलंकारिक शब्द’ नावाची एक यादी हमखास असते. कर्णाचा अवतार म्हणजे दानशूर. लंकेची पार्वती म्हणजे अंगावर दागिना नसलेली स्त्री. कळीचा नारद म्हणजे भांडणे लावणारा. चौदावे रत्न म्हणजे मार. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. मुलाने पाठ करायचे, चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा आणि गुण घ्यायचे. ही पार्वती लंकेत कशाला गेली, तेरा रत्नांनंतरचे चौदावे रत्न म्हणजे मार कसा काय झाला, हे गुरुजी सांगत नाहीत आणि मूलही विचारीत नाही. विचारलेच तर ते रत्न प्रत्यक्ष मिळण्याची शक्यता अधिक!

चळवळीपुढे आरक्षणाचे, अत्याचारांचे, जमिनीचे इतके प्रश्न उभे असताना आम्ही चौथीच्या वर्गातले अलंकार काय घेऊन बसलो, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलाला आज अक्षर मिळाले आणि अर्थ मिळाला नाही, तर त्याच्या हाती नेमके काय पडले, याचा हिशेब आपणच करावयाचा आहे. तो दुसरा कोणी करणार नाही.

वाचन म्हणजे काय, याविषयी आपल्या शाळांत मोठा गोंधळ आहे. मूल धडा खाडखाड म्हणून दाखविते, पालक खूश, अधिकारीही खूश. ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाने २०१८ साली सांगितले, की देशातील पाचवीच्या निम्म्या मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. कोरोनानंतर २०२२ साली हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले. २०२४ च्या पाहणीत थोडी सुधारणा दिसली. हे आकडे लाजिरवाणे आहेतच. पण ही चाचणी मुख्यतः मूल मजकूर मोठ्याने वाचू शकते काय, हे तपासते. वाचलेले त्याला कळले काय, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तिथे किती मुले उरतील याचा विचार करवत नाही.

उताऱ्यावरचे प्रश्न हा त्यावरचा उपाय समजला जातो. तो कसा चालतो पाहा. ‘गडप्याने सकाळी दोन फुंबरे चिपटले’ हे वाक्य कोणत्याही मुलाला द्या. गडप्याने किती फुंबरे चिपटले? दोन. केव्हा चिपटले? सकाळी. उत्तरे बरोबर, गुण पैकीच्या पैकी. आणि फुंबरा म्हणजे काय, हे मुलाला ठाऊक नाही, आम्हालाही नाही, कारण तो शब्दच आम्ही आत्ता बनविला. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची, ही हातचलाखी मुले दुसरीतच शिकतात. तिला आकलन म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

खरे आकलन कसे शिकवावे, यासाठी परदेशी पंडितांकडे जाण्याची गरज नाही. मालवण तालुक्यातील तोंडवलीचेच उदाहरण घेऊ. तळाशीलकडे जाताना एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा किनाऱ्यावरच्या मुलाला रापण माहीत असते. तिच्यावर गुरुजींनी स्वतः दहा ओळींचा उतारा लिहावा. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती असतात, दोन रांगा मिळून जाळे ओढतात आणि मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याला दोर किती, हा पहिला प्रश्न. उत्तर उताऱ्यातच आहे. एका रांगेने जोर लावला आणि दुसरी नुसती उभी राहिली तर काय होईल, हा दुसरा; याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही, पण दडलेले आहे आणि मुलाने ते शोधावयाचे आहे. सगळ्यांनी दोर ओढला, मग वाटे सारखे पडतात काय? पडावयास हवेत काय? हा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याच मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. आमच्या मते वाचन या तिसऱ्या प्रश्नापाशी सुरू होते.

हे मूल घरी मालवणी बोलते. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ म्हणणारे मूल वर्गात आले की त्याची जीभ अडखळते, कारण त्याची भाषा अशुद्ध असल्याचा निकाल आधीच लागलेला असतो. त्याला पुस्तकातली भाषा शिकवायचीच आहे, त्यात तडजोड नको. ती आली नाही तर कचेरीच्या दारात तेच मूल उद्या मुके होईल. पण उत्तर आधी त्याच्या बोलीत येऊ द्या, मग ते पुस्तकी मराठीत लिहून घ्या. आधी विचार, मग शुद्धलेखन. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे.

अलंकारांचेही तसेच. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती ही नावे मुलाला पुढे हायस्कुलात भेटतील. नावे उशिरा आली तरी चालेल, गोष्ट आधी आली पाहिजे. भरतीने किनारा ढासळला की समुद्राने जमीन खाल्ली, असे किनाऱ्यावरची माणसे सहज बोलून जातात. ती चेतनगुणोक्तीच आहे, फक्त तिला पुस्तकात जागा मिळालेली नाही. लाटांची गाज हा ध्वनिदर्शक शब्द देशावरचा मुलगा पाठ करतो. तोंडवलीचा मुलगा तो ऐकत झोपतो. आणि तरीही परीक्षेत याच मुलाला कुबेर आणि बृहस्पती विचारले जातात! ज्यांच्या घरात पुराणकथा चालतात त्यांना ही यादी आयती येते. ज्यांनी जाणीवपूर्वक ती पुराणे घराबाहेर काढली, त्यांच्या मुलांनी ती घोकावी. भाषेची परीक्षा म्हणून घेतली जाते ती कोणाच्या घरची परीक्षा असते?

इथपर्यंत प्रश्न गुणांचा वाटेल. पण तो गुणांवर थांबत नाही. म्हणींच्या जुन्या संग्रहांत ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण आहे. चांगल्याबरोबर थोडे वाईट असायचेच, असा तिचा अर्थ सांगितला जात असे. वर्गात बौद्धवाडीतले मूल बसलेले असताना गुरुजी हा अर्थ फळ्यावर लिहितात, तेव्हा त्या मुलाने काय करावे? बहुतेक मुले तो वहीत उतरवून घेतात. म्हण पुस्तकातून काढून टाका, ही मागणी रास्तच आहे. परंतु बोलण्यातून ती जात नाही. मुलाला एवढे शिकविले पाहिजे की त्याने विचारावे: इथे कशाला कशासारखे म्हटले आहे? म्हणणारा कोठे राहतो? वाड्यातल्या माणसाने ही म्हण केली असती तर ती कशी झाली असती? अलंकार उलगडता येणे म्हणजे हे तीन प्रश्न विचारता येणे.

कोकणातल्या वाचकांना ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ ठाऊक आहे. किती निवडणुका या एका रूपकावर लढविल्या गेल्या, याची गणती नाही. मुंबईचे शांघाय हा त्याचाच थोरला भाऊ. रूपक म्हटले की दोन वस्तूंत साम्य हवे. ते कोणते, असे एखाद्या सभेत पाचवीच्या पोराने उभे राहून विचारले तर व्यासपीठावर पळापळ होईल. वायंगणी-तोंडवली परिसरात सी-वर्ल्ड प्रकल्पाचा प्रस्ताव आला आणि २०१० नंतरच्या दशकात जमिनी जाणार म्हणून ग्रामस्थांनी त्याला विरोध केला. अशा वेळी गावात जो कागद येतो, त्यातले ‘विकास’, ‘सार्वजनिक हित’, ‘पुनर्वसन’ हे शब्द कोणता अर्थ सांगतात आणि कोणता लपवितात, हे समजणे ही उतारावाचनाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. तिथे चार पर्याय दिलेले नसतात.

आणि या देशावर सर्वांत जास्त काळ राज्य केले ते एका रूपकानेच. मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र. समाज म्हणजे एक देह, ही कवीची कल्पना. तिला वस्तुस्थिती मानले गेले, मग तिचा कायदा झाला, आणि त्या कायद्याने माणसांना पाणवठ्यावरून हाकलले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळविली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला तेव्हा सुरुवातच पुरुषसूक्ताच्या चिकित्सेने केली. ओळीमागून ओळ घेऊन, हे असे का म्हटले आहे, दुसरीकडे असे का नाही, असे प्रश्न ते विचारीत गेले. उताऱ्यावरचे प्रश्न म्हणतात ते हेच.

ही दृष्टी आमच्याकडे बाबासाहेबांच्याही आधीपासून आहे. सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला. वेद ब्राह्मणांचेच आहेत असे ब्राह्मण म्हणतात, हे तिने ऐकले आणि त्यावरून निष्कर्ष काढला: तर मग वेदांप्रमाणे वागणे हेही त्यांचेच काम, आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. समोरच्याच्या वाक्यातून त्याला न आवडणारा अर्थ काढणारी ही विद्यार्थिनी. अशा किती मुली आज आपण तयार करतो? जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडताना मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर व्याकरणही मागितले होते. शेतकऱ्याच्या पोराला व्याकरण कशाला, असे त्यांना वाटले नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आपल्या चळवळीतले शेकडो शिक्षक आहेत. दोन-तीन इयत्ता एका खोलीत, वर माहितीचे तक्ते भरण्याचे काम. त्यांची ओढाताण आम्ही जाणतो. त्यांच्याकडे आमचे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक तास मार्गदर्शक पुस्तक मिटवून ठेवा. विहारांतून रविवारी अभ्यासवर्ग चालतात, तिथेही पाढे आणि इंग्रजी शब्दार्थ यांच्या जोडीला एक उतारा असू द्या.

पहिला उतारा कोणता, तेही सुचवितो. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यातल्या ‘मनोगत’ या लेखात बाबासाहेबांनी दोन चित्रे काढली आहेत. एक, अनेक मजल्यांचा पण जिना नसलेला मनोरा. दुसरे, बोटीतला उतारू. इतरांचे नुकसान करण्यासाठी त्याने बोटीला छिद्र पाडले, तर सर्वांबरोबर त्यालाही बुडावे लागते. हे दुसरे चित्र पुण्याच्या प्राध्यापकापेक्षा तोंडवलीच्या चौथीतल्या मुलाला अधिक लवकर समजेल. त्याने बोटीत शिरणारे पाणी पाहिलेले असते. ३१ जानेवारीला विहारात भाषणे होतातच. त्याआधी अर्धा तास मुलांना पुढे बसवून तेवढा भाग वाचून दाखवावा. मग विचारावे: बोट म्हणजे काय? छिद्र कोण पाडतो आहे? तुमच्या गावात ही बोट कोठे दिसते? मुले मालवणीत बोलतील. त्यांना बोलू द्यावे, आणि वक्त्यांनी तेवढा वेळ थांबावे.